हॉपचा चोथा व वर्ट-गाळण

हॉपचा चोथा व वर्ट-गाळण : बिअर तयार करताना माल्टच्या गोड अर्कात हॉपची फुले घालून तो उकळल्यानंतर फुलांचा उरलेला चोथा आणि उकळण्यामुळे साकळलेली प्रथिने त्यातून वेगळी काढण्याची क्रिया. माल्ट म्हणजे मोड आणून वाळविलेले सातू. ते भरडून गरम पाण्यात भिजविले म्हणजे त्यांतील स्टार्चाची शर्करा होते व जो गोड द्रव निथळून येतो त्यास वर्ट म्हणतात. वर्ट उकळून, गाळून व थंड करून त्यात यीस्ट मिसळले की किण्वन सुरू होऊन बिअर तयार होते. या मालिकेत गाळण्याची पायरी वरवर पाहता किरकोळ वाटते. परंतु बिअर घरात करावी की कारखान्यात, वाळलेली अख्खी फुले वापरावीत की त्यांची दाबून केलेली गोळी, वर्ट उघड्या परातीत निववावा की बंद यंत्रात, या प्रत्येक प्रश्नाचा तिच्याशी निकटचा संबंध आला आहे. त्यामुळे या एका पायरीच्या इतिहासात बिअर-निर्मितीच्या हजार-बाराशे वर्षांच्या वाटचालीचे प्रतिबिंब आढळते.

चोथ्याचे स्वरूप : हॉप (लॅ. ह्यूम्युलस ल्युप्युलस; कुल-कॅनाबिनेसी) ही समशीतोष्ण प्रदेशात वाढणारी बहुवर्षायू वेल आहे. नर व मादी वेली वेगवेगळ्या असून बिअरसाठी फक्त मादी वेलीवरील शंकूच्या आकाराचे फुलोरे वापरतात. फुलोऱ्यातील पातळ छदांच्या तळाशी ल्युप्युलीन नावाची पिवळी, चिकट भुकटी असलेल्या सूक्ष्म ग्रंथी असतात. या भुकटीतील आल्फा अम्ले मूळ स्वरूपात पाण्यात फारशी विरघळत नाहीत. मात्र वर्ट तासभर किंवा त्याहून थोडा अधिक काळ उकळला असता त्यांच्या रेणूंची पुनर्रचना होऊन ती विद्राव्य होतात आणि बिअरला तिचा विशिष्ट कडवटपणा देतात. त्यांच्यामुळे पेय आंबविणाऱ्या कित्येक जीवाणूंच्या वाढीलाही आळा बसतो. सुगंधी तेले मात्र उकळण्यात उडून जातात, म्हणून सुवासासाठीचे हॉप अगदी शेवटी घालतात.

फुलोऱ्यातील बहुतांश भाग तंतुमय असल्याने तो विरघळत नाही व चोथा म्हणून उरतो. त्याच वेळी उष्णतेमुळे वर्टमधील प्रथिने साकळून त्यांचे तपकिरी पुंजके बनतात. हॉप व सातूतील टॅनिनसदृश द्रव्ये या क्रियेस मदत करतात. चोथा आणि पुंजके यांचे हे मिश्रण तसेच पुढे गेले तर नळ व तोट्या तुंबतात, किण्वनाच्या शेवटी तळाशी बसणारे यीस्ट गढूळ होऊन पुन्हा वापरण्यास निरुपयोगी ठरते आणि बिअरच्या चवीत हिरवट, तुरट झाक येऊ शकते. मात्र साक्याचा अल्प अंश यीस्टला पोषक ठरतो, असेही आढळून आले आहे. म्हणून वर्ट पाण्यासारखा स्वच्छ करणे हे गाळणाचे उद्दिष्ट नसून चोथा व साक्याचा मोठा भाग वेळेवर बाजूला काढणे हे आहे.

हॉपपूर्व काळ व हॉपचा प्रसार : यूरोपात हॉपचा वापर सुरू होण्यापूर्वी व नंतरही काही शतके बिअरमध्ये निरनिराळ्या वनस्पतींचे मिश्रण घालीत. उत्तर यूरोपातील सखल प्रदेशांत या मिश्रणास ‘ग्रुट’ म्हणत व ते विकण्याचा हक्क राजसत्ता, धर्मपीठ किंवा नगरसंस्था यांच्याकडे असे. बिअर-निर्मितीच्या संदर्भात हॉपचा एक प्राचीन लेखी उल्लेख फ्रान्समधील कॉर्बी येथील मठाचा प्रमुख आडालहार्ड याने इ. स. ८२२ मध्ये घालून दिलेल्या नियमांत सापडतो. बाराव्या शतकात जर्मनीतील विदुषी व मठाधिपती हिल्डेगार्ड ऑफ बिंगेन (१०९८–११७९) हिने हॉपच्या कडवटपणामुळे पेये टिकतात, हे नोंदवून ठेवले. त्याचबरोबर हॉपमुळे मनास उदासीनता येते, असेही तिचे मत होते. तेराव्या व चौदाव्या शतकांत ब्रेमेन, हँबर्ग इ. बंदरांतून हॉपयुक्त बिअर समुद्रमार्गे दूरवर जाऊ लागली. टिकाऊपणा हेच तिच्या व्यापारी यशाचे रहस्य होते. बव्हेरियात २३ एप्रिल १५१६ रोजी इंगोलश्टाट येथे काढण्यात आलेल्या प्रसिद्ध आज्ञेने बिअरसाठी सातू, हॉप आणि पाणी एवढेच घटक वापरण्याचे बंधन घातले.

इंग्लंडमध्ये हॉपविरहित पेयास ‘एल’ व हॉपयुक्त पेयास ‘बिअर’ म्हणत. बिअर तेथे प्रथम नेदरलँड्स व फ्लँडर्स भागांतून आली. सोळाव्या शतकात केंट परगण्यात हॉपची लागवड सुरू झाली आणि १५७४ मध्ये रेनल्ड स्कॉट याने हॉप-लागवडीवर इंग्रजीत स्वतंत्र पुस्तक लिहिले. एल तोपर्यंत मुख्यत्वे घरोघरी, स्त्रियांच्या हातून तयार होई व उरलेली शेजारीपाजारी विकली जाई. ती लवकर आंबत असल्याने थोडी थोडी व वारंवार करावी लागे. हॉपयुक्त बिअरला मात्र दीर्घकाळ उकळण्यासाठी मोठी कढई, अधिक जळण, चोथा काढण्याची साधने व साठवणुकीची पिंपे लागत. या सर्वांस भांडवल हवे होते. अमेरिकन इतिहासकार जूडिथ बेनेट यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात १३०० ते १६०० या काळात हा व्यवसाय इंग्लंडमधील स्त्रियांच्या हातून पुरुषांच्या हाती कसा गेला, हे सविस्तर दाखविले आहे. हॉप हे त्याचे एकमेव कारण नव्हते. श्रेणी-संघटनांचे नियम, कर्ज मिळण्यातील अडचणी व कायद्यातील दुय्यम स्थान हीही कारणे होती. तथापि ज्या पेयाने हा बदल वेगाने घडून आला, त्याच्या कृतीत चोथा ही नवी गोष्ट होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

घरगुती गाळण : व्यवसाय नगरांत एकवटला, तरी खेड्यांतील घरे, मोठी शेते व जमीनदारांचे वाडे येथे घरच्या वापराची बिअर एकोणिसाव्या शतकापर्यंत होत राहिली. तेथे गाळण्याची साधने साधी होती. उकळलेला वर्ट वेताच्या टोपलीतून किंवा घोड्याच्या केसांनी विणलेल्या चाळणीतून पसरट लाकडी टबांत ओतीत. टोपलीची वीण महाराष्ट्रातील स्वयंपाकघरांत तांदूळ धुण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रोवळीसारखी मोकळी असली तरी चाले. कारण अख्खी फुले आकाराने मोठी असत आणि एकदा टोपलीच्या तळाशी त्यांचा थर बसला की तो थरच गाळणीचे काम करू लागे. बारीक साका त्या थरात अडके व जो खाली जाई, तो पसरट टबात रात्रभरात तळाशी बसे. सकाळी वरचा निवळ वर्ट अलगद ओतून घेत. टोपलीतला चोथा टाकून न देता त्याच माल्टपासून दुसऱ्यांदा काढलेल्या पातळ वर्टमध्ये तो पुन्हा उकळीत आणि त्यापासून घरातील मुले व नोकरचाकर यांच्यासाठी सौम्य बिअर करीत.

ही रीत लेखनिविष्ट करणाऱ्यांमध्ये इंग्रज पत्रकार विल्यम कॉबेट (१७६३–१८३५) याचे स्थान वैशिष्ट्यपूर्ण आहे. १८२१–२२ मध्ये भागशः प्रसिद्ध झालेल्या कॉटेज इकॉनॉमी या पुस्तकात त्याने शेतमजुराच्या कुटुंबाने बिअर कशी करावी, याची बारकाईने माहिती दिली. त्यामागील हेतू केवळ पाककृतीचा नव्हता. चाळीस वर्षांपूर्वी खेड्यातील बहुतेक कुटुंबे घरी बिअर करीत, ती प्रथा आता जवळजवळ नाहीशी झाली आहे आणि माल्टवरील जबर कर हे त्याचे कारण आहे, अशी त्याची तक्रार होती. बिअरऐवजी मजुरांच्या घरी शिरलेल्या चहावर तर त्याने कडाडून टीका केली. माल्टप्रमाणेच हॉपवरही १७११ पासून कर होता. तो १८६२ मध्ये रद्द झाला. गाळण्याची टोपली घरातून गेली, ती ती वापरण्याचे कसब कुणाला उरले नाही म्हणून नव्हे, तर तिच्यात घालावयाच्या वस्तू गरिबास महाग झाल्या म्हणून, असे कॉबेटच्या विवेचनाचे सार आहे.

कारखान्यातील हॉप-गाळणपात्र : अठराव्या शतकात लंडन व पुढे बर्टन-ऑन-ट्रेंट येथे बिअरचे मोठे कारखाने उभे राहिले. शेकडो पिंपांच्या उत्पादनास टोपली पुरण्यासारखी नव्हती. तिच्या जागी ‘हॉप-बॅक’ नावाचे मोठे पात्र आले. अमेरिकेत त्यास ‘हॉप-जॅक’ असे नाव पडले. या पात्राच्या खऱ्या तळाच्या थोडे वर छिद्रे असलेल्या धातूच्या पत्र्यांचा दुसरा तळ बसविलेला असतो. कढईतील वर्ट फुलांसकट या पात्रात सोडून काही मिनिटे स्थिर ठेवतात. फुले जाळीवर बसून त्यांचा जाड थर तयार होतो. प्रथम आलेला गढूळ वर्ट पुन्हा वरून ओतला म्हणजे पुढे स्वच्छ वर्ट वाहू लागतो. शेवटी थरावर गरम पाणी शिंपडून चोथ्याने धरून ठेवलेला वर्टही काढून घेतात, कारण भिजलेला चोथा आपल्या कोरड्या वजनाच्या कित्येक पट द्रव शोषून ठेवतो.

रचना मोठी झाली, तरी तत्त्व टोपलीचेच राहिले. जो पदार्थ काढून टाकावयाचा, तोच गाळणी म्हणून वापरावयाचा, ही या पद्धतीची खुबी होय. हे तत्त्व फुले अख्खी आहेत तोवरच लागू पडते, ही तिची मर्यादा मात्र त्या काळी कोणाच्या ध्यानात येण्याचे कारण नव्हते.

थंड करण्याच्या पद्धतीतील बदल : हॉप-गाळणपात्रातून आलेला वर्ट ‘कूलशिप’ नावाच्या, कारखान्याच्या माळ्यावर ठेवलेल्या विस्तीर्ण व उथळ परातीत पसरून निववीत. तेथे उरलासुरला साका तळाशी बसत असे. म्हणजे ही परात थंड करण्याचे व निवळण्याचे अशी दोन्ही कामे करी. परंतु ती उघडी असल्याने हवेतील सूक्ष्मजीव वर्टमध्ये पडत. फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर (१८२२–९५) यांनी १८७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बिअरविषयीच्या ग्रंथात बिअर बिघडण्यास असे परके सूक्ष्मजीव कारणीभूत असतात, हे दाखवून दिले. त्यानंतर उघड्या परातीवरील विश्वास उडत गेला. वर्ट झटपट थंड करणारी नळ्यांची शीतके प्रचारात आली व १९२३ मध्ये इंग्लंडमध्ये रिचर्ड सेलिगमन यांनी पन्हळी पत्र्यांचे उष्णता-विनिमयक यंत्र तयार केले. मूळ दुधाच्या व्यवसायास उपयोगी पडलेले हे यंत्र पुढे बिअर कारखान्यांतही सार्वत्रिक झाले.

या सुधारणेने एक नवी अडचण निर्माण केली. पत्र्यांमधील फटी काही मिलिमीटरच रुंद असतात आणि त्यांत हॉपचे तुकडे अडकले की यंत्र तुंबते. शिवाय परात गेल्यामुळे साका बसण्याची जागाही गेली. जे काम पूर्वी रात्रभरात आपोआप होई, ते आता वर्ट गरम असताना, शीतकात शिरण्यापूर्वी उरकणे भाग पडले. स्वच्छतेसाठी केलेल्या बदलामुळे गाळणाचे महत्त्व अशा रीतीने वाढले.

हॉप-गोळी व भोवराकुंड : अख्ख्या फुलांच्या गासड्या जागा फार व्यापतात आणि हवेतील ऑक्सिजनमुळे त्यांतील कडू द्रव्ये लवकर निकृष्ट होतात. त्यावर उपाय म्हणून वाळलेली फुले दळून, भुकटी दाबून लहान दंडगोलाकार गोळ्या करण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. सामान्य गोळीस ‘टाइप ९०’ म्हणतात, १०० किग्रॅ. फुलांपासून सु. ९० किग्रॅ. गोळ्या मिळाव्यात, असा त्या नावाचा मूळ अर्थ आहे. कमी तापमानात दळून व चाळून तंतुमय भाग घटविलेल्या, अधिक सत्त्वयुक्त गोळीस ‘टाइप ४५’ असे नाव आहे. पुढे कार्बन डाय-ऑक्साइडाच्या साहाय्याने हॉपचा अर्क काढण्याची पद्धतही प्रचारात आली. अर्क वापरल्यास चोथा मुळीच राहत नाही.

गोळी उकळत्या वर्टमध्ये पडताच विरघळल्यासारखी फुटते व तिची बारीक पूड सर्वत्र पसरते. हॉप-गाळणपात्राच्या जाळीतून ती निसटून जाते किंवा छिद्रे बुजवून टाकते. गाळणीचा थर व्हावा, असे तिच्यात काहीच उरत नाही. शतकानुशतके चाललेले टोपलीचे तत्त्व गोळीमुळे निकामी झाले.

त्यावर उपाय सापडला तो गाळणीत नव्हे, तर भोवऱ्यात. कॅनडातील माँट्रिऑल येथील मोल्सन बिअर कारखान्यात हेन्री हडस्टन यांनी १९६० मध्ये भोवराकुंड विकसित केले. हे एक साधे, जाळी नसलेले दंडगोलाकार पात्र असते. त्यातील द्रवाची उंची व्यासाहून कमी ठेवतात. गरम वर्ट पात्राच्या भिंतीस स्पर्शरेषेच्या दिशेने आत सोडतात, त्यामुळे सर्व द्रव गोल फिरू लागतो. आत सोडणे थांबविल्यावर वीस ते तीस मिनिटांत चोथा व साका तळाच्या मध्यभागी शंकूसारख्या ढिगाच्या रूपात गोळा होतो आणि निवळ वर्ट बाजूच्या तोटीतून काढून घेता येतो.

सकृतदर्शनी हे उलटे वाटते. गोल फिरणाऱ्या द्रवातील जड कण केंद्रोत्सारी प्रेरणेमुळे बाहेरच्या बाजूस फेकले जावेत, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. चहा ढवळल्यानंतर कपाच्या तळाशी चहापत्ती मध्यभागी का जमते, हा त्याच स्वरूपाचा प्रश्न होय. त्याचे स्पष्टीकरण अल्बर्ट आइन्स्टाइन (१८७९–१९५५) यांनी १९२६ मध्ये नद्यांच्या नागमोडी वळणांविषयीच्या एका निबंधात दिले होते. द्रव फिरत असताना कडेला दाब अधिक व मध्यभागी कमी असतो. वरच्या भागात हा दाब व केंद्रोत्सारी प्रेरणा यांचा समतोल राहतो. परंतु तळालगतचा थर घर्षणामुळे मंदावतो व तेथे ही प्रेरणा कमी पडते. परिणामी दाबातील फरकामुळे तळाचा द्रव कडेकडून मध्याकडे वाहू लागतो, मध्यातून वर चढतो व पुन्हा कडेने खाली येतो. हा दुय्यम प्रवाह तळावरील कणांना मध्यापर्यंत ओढून नेतो. वर उचलण्याइतके बळ त्यात नसल्याने कण तेथेच साठतात. भोवराकुंडात हेच तत्त्व कारखान्याच्या प्रमाणावर वापरले आहे.

वर्ट फार वेगाने आत सोडल्यास साक्याचे पुंजके फुटून पुन्हा गढूळपणा येतो, तर फार काळ गरम ठेवल्यास त्यात डायमिथिल सल्फाइड हे शिजलेल्या भाजीसारख्या वासाचे द्रव्य साठू लागते. त्यामुळे वेग व विश्रांतीचा काळ यांचा मेळ घालावा लागतो. अख्खी फुले तरंगत असल्याने त्यांच्यासाठी भोवराकुंड उपयोगी नाही. जे थोडे कारखाने आजही अख्खी फुले वापरतात, त्यांनी हॉप-गाळणपात्र राखून ठेवले आहे.

कायदा व घरगुती निर्मिती : याच काळात घरगुती बिअर-निर्मितीचे पुनरुज्जीवन झाले. ब्रिटनमध्ये ग्लॅडस्टन यांनी १८८० मध्ये माल्टवरील कर काढून तो तयार वर्टवर बसविला आणि घरी बिअर करणाऱ्यांस परवाना सक्तीचा केला. ही तरतूद सु. ८३ वर्षे टिकली. १९६३ मध्ये अर्थमंत्री रेजिनल्ड मॉडलिंग यांनी घरच्या वापरापुरत्या निर्मितीसाठी ती रद्द केली.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जानेवारी १९२० ते डिसेंबर १९३३ या काळात दारूबंदी होती. त्या काळात हॉपची चव दिलेला माल्टचा पाक डब्यांतून उघडपणे विकला जाई. नावापुरता तो स्वयंपाकासाठी असला, तरी पाण्यात कालवून यीस्ट घातले की त्यापासून बिअर होत असे. त्यात चोथा नसल्याने गाळण्याचा प्रश्नच नव्हता. त्याबरोबर उकळणे, निवळणे, निववणे या पायऱ्यांचे ज्ञानही घरातून नाहीसे झाले. बंदी उठल्यावर घरी द्राक्षमद्य करण्यास मुभा मिळाली, परंतु बिअरला ती मिळाली नाही. ही उणीव १९७८ मध्ये भरून निघाली. त्या वर्षी १४ ऑक्टोबर रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्यानुसार १ फेब्रुवारी १९७९ पासून एका प्रौढ व्यक्तीच्या घरी वर्षाला १०० गॅलन (सु. ३७८ लि.) व अधिक प्रौढ व्यक्ती असलेल्या घरी २०० गॅलन (सु. ७५७ लि.) बिअर करविना करता येऊ लागली. तथापि घटक राज्यांचे कायदे वेगळे असल्याने ॲलाबॅमा व मिसिसिपी या शेवटच्या राज्यांत ही मोकळीक मिळण्यास २०१३ साल उजाडले. चार्ली पपेझियन (१९४९–) यांनी १९७८ मध्ये सहकाऱ्यांसह कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथे घरगुती बिअर करणाऱ्यांची संघटना स्थापली. त्यांचे १९८४ साली प्रसिद्ध झालेले मार्गदर्शक पुस्तक विशेष लोकप्रिय झाले.

आधुनिक घरगुती पद्धती : नव्याने बिअर करू लागलेल्या या हौशी लोकांपुढे चोथ्याचा जुनाच प्रश्न उभा राहिला, फरक एवढाच, की त्यांच्या हाती फुलांऐवजी बहुधा गोळ्या होत्या. त्यांनी शोधलेल्या उपायांत मागील सर्व टप्प्यांची पुनरावृत्ती दिसते. सर्वांत सोपा उपाय म्हणजे हॉप मलमलीच्या पिशवीत बांधून उकळणे. यात चोथा एकाच जागी राहतो; पण पिशवी घट्ट भरली तर आतील हॉपशी वर्टचा पुरेसा संपर्क येत नाही व कडवटपणा कमी उतरतो. म्हणून पिशवी फुगण्यास जागा राहील इतकी सैल बांधावी लागते. पिशवीऐवजी पातेल्याच्या काठावर टांगलेले, बारीक पोलादी जाळीचे उभे पिंजरे पुढे प्रचारात आले. त्यांची छिद्रे साधारणपणे ३०० ते ४०० मायक्रॉनांची असतात. अधिक बारीक जाळी लवकर बुजते व अधिक मोकळ्या जाळीतून गोळीची पूड निसटते.

अख्खी फुले वापरणारे लोक पातेल्याच्या तळाशी छिद्रांचा दुसरा तळ किंवा तोटीच्या आतील तोंडाशी जाळीची नळी बसवितात; हे हॉप-गाळणपात्राचेच लघुरूप होय. गोळ्या वापरणाऱ्यांना मात्र भोवऱ्याचा उपाय अधिक सोयीचा ठरतो. आच बंद करून वर्ट लांब दांड्याच्या चमच्याने एकाच दिशेने जोराने ढवळावा, झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटे मुळीच हलवू नये आणि मग पातेल्याच्या कडेकडून नळीने सावकाश काढून घ्यावा, अशी ही रीत आहे. माँट्रिऑलच्या कारखान्यातील युक्ती येथे एका चमच्याने साधते. उकळी संपण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे वर्टमध्ये ‘आयरिश मॉस’ नावाचे वाळविलेले समुद्री शेवाळ घातल्यास त्यातील कॅराजीनन या द्रव्यामुळे प्रथिनांचे मोठे पुंजके बनून साका लवकर बसतो. उकळता वर्ट गाळताना भाजण्याचा धोका असतो. त्याचप्रमाणे थंड झालेल्या वर्टचा संपर्क येणारी प्रत्येक चाळणी व फडके निर्जंतुक असावे लागते.

गाळण कितीही चांगले झाले, तरी चोथ्यात शोषला गेलेला वर्ट पुरता परत मिळत नाही. पिशवी वा चोथा जोराने पिळल्यास वर्ट मिळतो. पण त्याबरोबर तुरटपणा व बारीक पूडही उतरते, असा अनेकांचा अनुभव आहे. एकविसाव्या शतकात लोकप्रिय झालेल्या अतिसुगंधी बिअरमध्ये हॉपचे प्रमाण पूर्वीच्या कितीतरी पट असल्यामुळे चोथ्यात वाया जाणारा वर्ट ही कारखाने व घरे या दोन्ही ठिकाणी लक्षणीय बाब झाली आहे.

चोथ्याची विल्हेवाट : वापरलेल्या हॉपमध्ये नायट्रोजन बऱ्यापैकी असल्याने इंग्लंडमध्ये त्याचा शेतात व बागेत खत म्हणून उपयोग करण्याची परंपरा आहे. कडवटपणामुळे जनावरे तो सहसा खात नाहीत. कुत्र्यांना मात्र तो घातक ठरू शकतो. हॉपचा चोथा खाल्ल्याने कुत्र्यांच्या शरीराचे तापमान एकाएकी वाढून मृत्यू ओढवल्याची उदाहरणे १९९० नंतरच्या दशकात पशुवैद्यकीय साहित्यात नोंदविली गेली. त्यामुळे घरगुती चोथा झाकून ठेवणे किंवा बंदिस्त खड्ड्यात कुजविणे आवश्यक असते.

भारताशी संबंध : हॉपयुक्त बिअरचा भारताशी संबंध आला तो मुख्यतः तिच्या टिकाऊपणामुळे. अठराव्या शतकाच्या अखेरीस व एकोणिसाव्या शतकात लंडनमधील बो येथील हॉजसन आणि पुढे बर्टन येथील कारखानदार भरपूर हॉप घातलेली फिकट रंगाची बिअर मुंबई, मद्रास व कलकत्ता या बंदरांकडे पाठवीत. प्रवासात ती बिघडू नये, म्हणून पिंपातही कोरडे हॉप टाकीत. हॉपला लांब दिवसांचा उन्हाळा व थंड हिवाळा मानवत असल्याने महाराष्ट्रात त्याची लागवड होत नाही. भारतात ती हिमाचल प्रदेशाच्या लाहूल खोऱ्यात झाली आहे. मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ हा कायदा पुढे महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जाऊ लागला. त्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा असल्याने घरगुती बिअर-निर्मितीचा छंद येथे कायद्यास मान्य नाही. परवाना घेऊन चालविलेली लहान निर्मितिगृहे मात्र पुण्यात २००९ पासून सुरू झाली.

वर्ट-गाळणाच्या इतिहासात टोपली, छिद्रांचा तळ, उथळ परात व भोवरा ही साधने एकामागून एक आली. प्रत्येक साधन आधीच्यापेक्षा श्रेष्ठ म्हणून रूढ झाले, असे नाही. हॉपचे रूप किंवा वर्ट निववण्याची रीत बदलली की जुने साधन निरुपयोगी होई. अख्ख्या फुलांसाठी टोपली आजही पुरते, पुडीसाठी भोवराच लागतो. यांपैकी कोणतीही युक्ती घराच्या आवाक्याबाहेरची नव्हती. घरातून हे कसब दोनदा गेले, ते कर व बंदी यांमुळे; आणि कायदा सैल होताच टोपली व चमचा या दोन साधनांनिशी ते परत आले.